नॅनो निकेल एवढं कडक, मग ओढल्यावर लगेच का तुटतं? आणि आत नक्की सरकतं तरी काय?

रावपुरा_निकेल

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे, चहा घेऊन वाचा. मी बडोद्याची, मेटलर्जीत एम.ई. चालू आहे, प्रोजेक्ट नॅनो निकेलवर. मकरपुरा जीआयडीसीत ओळखीच्या एका काकांचं प्लेटिंगचं दुकान आहे, त्यांनी एक छोटी टाकी वापरायला दिली. साधा वॅट्स बाथ (निकेल प्लेटिंगचं नेहमीचं द्रावण), त्यात सॅकरिन, आणि स्टेनलेसच्या पत्र्यावर थर चढवून तो अख्खा सोलून काढते, म्हणजे निकेलची फॉइलच मिळते. एक्सआरडी (एक्स-रे विवर्तन) काढून शेररच्या फॉर्म्युल्यानं ग्रेनचा, म्हणजे आतल्या स्फटिकाच्या दाण्याचा, साइझ आला साधारण २० नॅनोमीटर. विकर्स हार्डनेस ५५०च्या आसपास, तेच सॅकरिन न टाकता काढलेल्या फॉइलचा २००च्या आत आहे. इथपर्यंत सगळं छान.

आता गोंधळ असा की पुस्तकात हॉल-पेच शिकवताना सांगतात की ग्रेनच्या आत डिस्लोकेशन्स (अणूंच्या रांगांतले सरकणारे दोष) बाउंड्रीपाशी, म्हणजे दोन ग्रेनमधल्या सीमेपाशी, साठतात, पाइल-अप होतो, ग्रेन लहान तर पाइल-अप लहान, म्हणून मटेरियल कडक. पण २० नॅनोमीटरच्या ग्रेनमध्ये साठणार काय आणि किती? मग हे निकेल वाकतं, ओढलं जातं ते कशानं? दुसरं, ओढायला गेलं की २-३ टक्क्यांत तुटतं. आणि मी कुठेतरी वाचलं होतं की नॅनो तांबं ५००० टक्के ताणलं गेलं! तिसरं, आमच्या लॅबमधला एक जण ठासून सांगतो की नॅनोमध्ये उलटा हॉल-पेच लागतो, ग्रेन लहान झाला की मऊ पडतं, मग माझं कडक कसं आलं? पेपर लिंका नकोत प्लीज, खूप आहेत, कोणीतरी समजेल असं सांगा.

भट्टीवाले_काका

ये बेटा, चांगला प्रश्न आहे. मी कलाभवनात शिकलेला जुना माणूस (सयाजीराव महाराजांनी १८९० साली काढलेलं कलाभवन, हल्लीच्या पोरांना नावही ठाऊक नसतं), आयुष्य हीट ट्रीटमेंटमध्ये गेलं, त्यामुळे नॅनो वगैरे आमच्या वेळी नव्हतं पण हॉल-पेच होतं. हॉलनी १९५१ला आणि पेचनी १९५३ला, दोघांनी वेगवेगळं, लोखंड आणि माइल्ड स्टीलवर काम करून दाखवलं की यील्ड स्ट्रेंथ (धातू कायमचा वाकायला लागतो तो स्ट्रेस) ग्रेन साइझच्या वर्गमुळाच्या उलट चालते. ते ग्रेन होते मायक्रॉनमधले, तेव्हा नॅनो कोणाच्या डोक्यातही नव्हतं.

पाइल-अप म्हणजे काय ते डोळ्यासमोर आण. विसर्जनाच्या दिवशी मांडवी दरवाज्यापाशी गर्दी अडते, पुढच्याला मागचे सगळे मिळून रेटतात, जेवढी मागे रांग लांब तेवढा पुढच्यावर दाब, आणि शेवटी तो दरवाज्यातून पलीकडे ढकलला जातो. मोठा ग्रेन म्हणजे लांब रस्ता, लांब रांग, बाहेरून थोडा स्ट्रेस दिला तरी टोकाशी तो कितीतरी पट होतो. लहान ग्रेनमध्ये रांगच छोटी म्हणून बाहेरून जास्त जोर लावावा लागतो. आता तुझ्या निकेलचा हिशोब मी कागदावर केला तो देतो, ह्यात सगळं येतं बघ.

रांगेत किती डिस्लोकेशन मावतात त्याचा फॉर्म्युला: पाय गुणिले (१ वजा पॉयसन रेशो) गुणिले रांगेची लांबी गुणिले शिअर स्ट्रेस, भागिले (शिअर मॉड्युलस गुणिले बर्गर्स व्हेक्टर, म्हणजे एक डिस्लोकेशन जेवढं सरकवतं ते अंतर). निकेलचा शिअर मॉड्युलस ७६ गिगापास्कल धर, बर्गर्स व्हेक्टर ०.२४९ नॅनोमीटर, पॉयसन रेशो ०.३१. साधं निकेल, ग्रेन २० मायक्रॉन, रांग अर्ध्या ग्रेनची म्हणजे १० मायक्रॉन, शिअर स्ट्रेस १०० मेगापास्कल, उत्तर येतं ११५च्या आसपास. शंभरावर डिस्लोकेशन रांगेत. आता तुझं: ५५० विकर्स म्हणजे ५.४ गिगापास्कल, त्याचा तिसरा भाग फ्लो स्ट्रेस म्हणून १.८, आणि शिअरमध्ये आणायला परत साधारण तीननी भागलं की ६०० मेगापास्कल. रांग १० नॅनोमीटर. उत्तर? ०.७. एकसुद्धा पूर्ण मावत नाही! म्हणजे तुला जी शंका आली ती अगदी रास्त आहे, तुझ्या ग्रेनमध्ये पाइल-अप होऊच शकत नाही.

आणि रांग सोड, डिस्लोकेशन जन्माला यायची पण पंचाईत आहे. ग्रेनच्या आत फ्रँक-रीड सोर्स (नवी डिस्लोकेशन्स सोडणारी जागा) चालवायला लागणारा स्ट्रेस म्हणजे ढोबळमानाने मॉड्युलस गुणिले बर्गर्स भागिले सोर्सची लांबी. लांबी जास्तीत जास्त ग्रेनएवढी, २० नॅनोमीटर धरली तर ९५० मेगापास्कल होतात, तुझ्याकडे आहेत ६००. चालणार नाही. मग निकेल सरकतं कशानं हे इथली तरुण मंडळी सांगतील, माझी गाडी इथपर्यंतच.

रावपुरा_निकेल

काका हे ०.७ बघून एकदम भारी वाटलं, हा हिशोब मी डायरेक्ट प्रेझेंटेशनमध्ये टाकणार. म्हणजे मग डिस्लोकेशनच नाहीत असं समजायचं का? फक्त बाउंड्री सरकते?

अणू_मोजणारा

नाही नाही, थांब, इथेच सगळे घसरतात. पाइल-अप नाही म्हणजे डिस्लोकेशन नाही असं नव्हे. (मी मॉलेक्युलर डायनॅमिक्सवाला, म्हणजे कॉम्प्युटरवर अणू हलवून बघणारा, घर वाडीत, पीएचडीसाठी बाहेर आहे.)

सिम्युलेशनमध्ये आपल्याला प्रत्येक अणू दिसतो, तर तिथे असं दिसतं की २०-३० नॅनोमीटरला डिस्लोकेशन ग्रेन बाउंड्रीतून निघतं. बाउंड्रीत कुठेतरी अणूंची अडचणीची जागा असते, बहुतेक तीन ग्रेन मिळतात त्या कोपऱ्याजवळ किंवा बाउंड्रीवरच्या पायरीपाशी, तिथे आधी अणू थोडे इकडेतिकडे होतात, स्ट्रेस जमतो आणि डिस्लोकेशन बाहेर पडतं, ग्रेनमधून आरपार जातं आणि समोरच्या बाउंड्रीत गडप होतं. वाटेत त्याला अडवणारं दुसरं डिस्लोकेशन नसतंच, अडवतात त्या बाउंड्रीच, कडेकडेनं जाताना त्याची दोन टोकं तिथल्या खाचांना अटकतात आणि सुटतात. म्हणजे बाउंड्रीच उगमस्थान, बाउंड्रीच अडथळा आणि बाउंड्रीतच शेवट. जाड दाण्याच्या धातूत ही तिन्ही कामं बऱ्यापैकी ग्रेनच्या पोटात चालतात.

आणखी एक गंमत. एफसीसी धातूत (निकेल, तांब्यासारख्या स्फटिकरचनेच्या) पूर्ण डिस्लोकेशन दोन पार्शलचं, म्हणजे दोन अर्धवट डिस्लोकेशनचं, बनलेलं असतं, पुढचं पार्शल, मागचं पार्शल, मध्ये स्टॅकिंग फॉल्ट, म्हणजे अणूंच्या थरांचा चुकलेला क्रम. एवढ्याशा ग्रेनमध्ये पुष्कळदा पुढचं पार्शल निघून पलीकडे पोचतं आणि मागचं निघतच नाही, ग्रेनभर फॉल्ट राहून जातो. निकेल, तांब्याच्या सिम्युलेशनमध्ये हे वारंवार दिसतं, अ‍ॅल्युमिनियममध्ये मागचं पण येतं किंवा ट्विन (आरशातल्यासारखी उलटी रचना) होतं. पूर्वी सगळे म्हणायचे स्टॅकिंग फॉल्ट एनर्जी कमी तर पार्शल, जास्त तर पूर्ण. पण निकेलची काही कमी नाही, १२५ मिलिज्यूल प्रति चौरस मीटरच्या घरात आहे, तांब्याची ४५. व्हॅन स्विगनहोवन आणि मंडळींनी २००४मध्ये दाखवलं की नुसती ती एनर्जी बघून चालत नाही, वाटेत जो उंचवटा ओलांडायचा असतो, अनस्टेबल एनर्जी, तिच्याशी तुलना करायला हवी. आणि अ‍ॅल्युमिनियमचं ट्विनिंग ही नुसती कॉम्प्युटरची कल्पना नाही, २००३मध्ये नॅनो अ‍ॅल्युमिनियमच्या फिल्ममध्ये प्रत्यक्ष टीईएमखाली (एक प्रकारचा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) दिसलं. साध्या अ‍ॅल्युमिनियममध्ये ट्विन शोधून सापडत नाहीत हे काकांना विचार!

आता बाउंड्री सरकणं. बाउंड्रीची जाडी १ नॅनोमीटर धरली तर २० मायक्रॉनच्या ग्रेनमध्ये बाउंड्रीचा वाटा ०.०१५ टक्के. तुझ्या २० नॅनोमीटरला १४ टक्के. ५ नॅनोमीटरला जवळजवळ निम्मं. म्हणजे ५ नॅनोमीटरला अर्धे अणू बाउंड्रीतच, मग तिथे ग्रेन एकमेकांवरून घसरणं, फिरणं हेच मुख्य होतं आणि तिथे मऊपणा येतो. शिओट्झ आणि याकोबसेन ह्या डेन्मार्कच्या दोघांनी २००३मध्ये तांब्याचं मोठं सिम्युलेशन केलं, त्यात सगळ्यात जास्त स्ट्रेंथ १० ते १५ नॅनोमीटरला आली, त्याच्या वर डिस्लोकेशनचं राज्य, त्याच्या खाली बाउंड्रीचं. तुझं निकेल २०ला आहे, म्हणजे शिखराच्या जवळ पण अजून अलीकडच्या बाजूला. म्हणून कडक. लॅबमधल्या मित्राला हे सांग.

खडूस_मेटलर्जिस्ट

वरचं बहुतेक बरोबर आहे पण सिम्युलेशनवाल्यांनी एक गोष्ट सोयीस्कर विसरली ती मी सांगतो. हे लोक मटेरियल ओढतात ते सेकंदाला एक कोटी ते शंभर कोटी ह्या स्ट्रेन रेटनी, कारण कॉम्प्युटरला नॅनोसेकंदाच्या पुढे झेपत नाही. ती बिचारी मशीनवर ओढते सेकंदाला ०.००१नी. हळू चालणाऱ्या सगळ्या गोष्टी, डिफ्यूजन वगैरे, त्यांच्या सिम्युलेशनमध्ये घडायला वेळच मिळत नाही. तेव्हा शिखर १० ते १५ हे वेदवाक्य मानू नका.

आणि उलट्या हॉल-पेचचा इतिहास जरा ऐकून घ्या कारण ह्यात लोक फार वाहावत जातात. १९८९मध्ये चोक्शी, रोझेन, कार्श आणि ग्लायटर ह्यांनी नॅनो तांबं आणि पॅलेडियमचा हार्डनेस मोजला, ग्रेन लहान होत गेला तसा हार्डनेस कमी होत गेला. (चोक्शी म्हणजे आपले अतुल चोक्शी, पुढे बंगलोरला आयआयएससीत प्रोफेसर.) त्यांनी कारण दिलं कोबल क्रीप, म्हणजे बाउंड्रीमधून अणूंचं डिफ्यूजन. कल्पना बिनतोड होती, कारण कोबल क्रीपचा वेग ग्रेन साइझच्या घनाच्या उलट जातो, २० मायक्रॉनवरून २० नॅनोमीटरवर आलात की वेग शंभर कोटी पट. पण मग नॉर्थवेस्टर्नला ज्युलिया वीर्टमन ह्यांच्या ग्रुपनी खरोखर क्रीप मोजला तर कोबलच्या भाकितापेक्षा कितीतरी कमी निघाला. शिवाय ते सुरुवातीचे नमुने कसे बनायचे, तर हीलियमसारख्या गॅसमध्ये धातूची वाफ थंड करायची, भुकटी खरवडायची आणि दाबून गोळी करायची. त्यात भोकं राहणार, गॅस राहणार. भोकं असलेली गोळी मऊ लागली तर त्यात नवल काय? त्या काळच्या उलट्या हॉल-पेचचा बराच भाग हा खराब नमुन्यांचा प्रताप होता असं माझं स्पष्ट मत. पुढे चांगल्या नमुन्यांवर १० नॅनोमीटरच्या खाली मऊपणा दिसला आहे, ते मी नाकारत नाही. पण तिथेही २०१७मध्ये चीनमधल्या लू के ह्यांच्या ग्रुपनी निकेल-मॉलिब्डेनमवर दाखवलं की तेच बारीक ग्रेन जरा तापवून बाउंड्री शांत केली, मॉलिब्डेनम बाउंड्रीत जाऊन बसलं, की मऊपणा जातो आणि उलट आणखी कडक होतं. म्हणजे ग्रेन साइझ हा एकटाच आकडा नाही, बाउंड्री कशी आहे हेही तितकंच महत्त्वाचं.

तुला स्वतः तपासायचं असेल तर एक सोपी टेस्ट आहे. ओढता ओढता मशीनचा स्पीड दहापट कर आणि स्ट्रेस किती उडी मारतो बघ. त्यावरून एम निघतो, स्ट्रेन रेट सेन्सिटिव्हिटी. साध्या निकेलचा ०.००४ वगैरे, म्हणजे उडी एक टक्क्याच्या आत. नॅनो निकेलचा ०.०२च्या घरात येतो, म्हणजे पावणेपाच टक्के. कोबल क्रीप असता तर एम १ आला असता, स्ट्रेस थेट दहापट व्हायला हवा. बाउंड्री घसरून सुपरप्लास्टिक चाललं असतं तर एम ०.५च्या आसपास, स्ट्रेस तिप्पट. पावणेपाच टक्के उडी हे स्वच्छ सांगते की २० नॅनोमीटरला रूम टेंपरेचरवर नुसतं डिफ्यूजन नाही आणि नुसतं घसरणंही नाही, वर सांगितलं तसं बाउंड्रीतून सुटणारं डिस्लोकेशनच मुख्य आहे. एका टेस्टमध्ये निकाल.

आणि ते ५००० टक्के! ते २०००मधलं काम, लू के ह्यांच्याच ग्रुपचं, पण ते तांबं लाटलं होतं, दोन रोलमध्ये दाबत दाबत. ओढलं नव्हतं. रोलमध्ये वरून दाब असतो, नेक, म्हणजे एकाच जागी बारीक होणं, कुठून पडणार? टेन्साइलशी तुलनाच नाही.

अणू_मोजणारा

@खडूस_मेटलर्जिस्ट स्ट्रेन रेटचं मान्य, आमच्या फील्डमध्ये सगळ्यांना माहीत आहे, लपवलेलं नाही कोणी 🙂 पण यंत्रणा कुठली ते कळायला सिम्युलेशनशिवाय दुसरं काय होतं सांगा? टीईएममध्ये बघायला जावं तर टेस्ट झाल्यावर ग्रेन रिकामे दिसतात, डिस्लोकेशन सापडतच नाही.

इंदूरचा_किरण

रिकामे दिसतात ह्याच मुद्द्यावर मी येणार होतो, बरं झालं विषय निघाला. राम राम मंडळी, मी इंदूरहून, एक्सआरडी हा माझा रोजचा धंदा.

२००४मध्ये स्वित्झर्लंडच्या सिंक्रोट्रॉनवर (जोरदार एक्स-रे देणारं मोठं यंत्र) बुद्रोविच आणि मंडळींनी जे केलं ते रावपुरा ताईंनी नक्की समजून घ्यावं कारण त्यांचं मटेरियलही इलेक्ट्रोडिपॉझिटेड नॅनो निकेलच होतं. त्यांनी निकेल मशीनवर ओढता ओढता एक्स-रेचे पीक बघितले. साध्या धातूत काय होतं, प्लास्टिक डिफॉर्मेशन झालं की डिस्लोकेशन साठतात, पीक रुंद होतो आणि लोड काढला तरी तो रुंदच राहतो. वर्क हार्डनिंगची ती खूण. नॅनो निकेलमध्ये लोडखाली पीक रुंद झाला आणि लोड काढला की परत होता तेवढाच! ओढलं, सोडलं, ओढलं, सोडलं, दरवेळी तेच. म्हणजे डिफॉर्मेशन कायमचं झालं पण आत डिस्लोकेशन काही मागे उरलं नाही, आले आणि बाउंड्रीत विरले. वर अणूवाल्यांनी सांगितलं त्याच्याशी हे तंतोतंत जुळतं आणि हे काही कॉम्प्युटरमधलं नाही, खऱ्या पट्टीवरचं आहे.

आता ताई, तुमच्या २० नॅनोमीटरबद्दल. शेररचा आकडा म्हणजे ग्रेन साइझ नव्हे, एकसंध विवर्तन करणारा जो तुकडा आहे त्याची सरासरी. एका ग्रेनमध्ये ट्विन असेल किंवा सबग्रेन असतील तर शेरर प्रत्येक तुकडा वेगळा मोजतो आणि आकडा लहान देतो. शिवाय प्लेटिंगमध्ये आतला स्ट्रेन असतो, तोही पीक रुंद करतो, तो वेगळा काढायला निदान विल्यमसन-हॉल प्लॉट तरी काढा. मशीनची स्वतःची रुंदी वजा केली का? त्यासाठी स्टँडर्ड पावडर लावतात. निकेल फॉइलला टेक्स्चर (दाण्यांचा ठरावीक दिशेला कल) असतं, १११ आणि २०० ह्या दोन पीकवरून साइझ वेगवेगळी येऊ शकते, दोन्ही लिहा. आणि एकदा तरी टीईएम कराच, कारण २०ची सरासरी म्हणजे सगळे २०चे असं नाही, त्यात ५चेही असतील, ८०चेही असतील, आणि आधी सरकणार ते ८०वाले. इंदूरला आमच्याकडे आरआरकॅट ह्या संशोधन केंद्रात इंडस-२ आहे, २.५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टचं सिंक्रोट्रॉन, तिथे एक्सआरडीची बीमलाइन आहे आणि बाहेरच्या विद्यार्थ्यांना प्रपोजल टाकून बीमटाइम मागता येतो. गाइडच्या सहीनी टाका. बडोद्याहून रात्रीची गाडी पकडलीत की सकाळी इंदूर, पोहे-जलेबी खाऊन मशीनवर 😄

रावपुरा_निकेल

मशीनची रुंदी सिलिकॉन पावडर लावून वजा केली आहे, विल्यमसन-हॉल काढते. स्पीड दहापटीची टेस्ट आमच्या मशीनवर होईल, मस्त कल्पना आहे. पण खडूस सर, मूळ प्रश्न राहिलाच, तुटतं का? डिस्लोकेशन नीट ये-जा करतायत तर मग अजून ताणलं जायला काय हरकत आहे? मला वाटलं होतं डिस्लोकेशन अडलं की ब्रिटल आणि मोकळं फिरलं की डक्टाइल. आणि पट्ट्या वायर-कटवर कापल्यात, कडा घासून पॉलिशपण केल्यात, हे आधीच सांगते म्हणजे तुम्ही तिथे पकडायला नको.

खडूस_मेटलर्जिस्ट

वायर-कट वाचून बरं वाटलं, निम्मे लोक कात्रीनी कापतात आणि मटेरियलला दोष देतात.

तुटण्याचं कारण: ओढताना पट्टी कुठेतरी जरा बारीक होणारच. तिथे मटेरियल कडक झालं तर बारीक होणं थांबतं आणि ताण शेजारी सरकतो, कडक झालं नाही तर तिथेच बारीक होत होत तुटतं. ह्याची अट कोन्सिदेरनी १८८५ साली घालून दिली, हार्डनिंगचा रेट चालू ट्रू स्ट्रेसपेक्षा जास्त असेपर्यंतच एकसारखं ताणलं जातं. मऊ निकेल १०० मेगापास्कलला यील्ड होतं, तिथे हार्डनिंग रेट हजारात, त्यामुळे खूप ताणतं. तुझं यील्डच दीड गिगापास्कलच्या आसपास, म्हणजे हार्डनिंग रेटसुद्धा दीड गिगापास्कलच्या वर टिकवावा लागेल. आणि हार्डनिंग येतं कशातून? डिस्लोकेशन साठण्यातून. इंदूरवाल्यांनी आत्ताच सांगितलं, साठतच नाहीत. तेव्हा कडकपणा आणि लवकर तुटणं हे एकाच गोष्टीतून आलेलं आहे. तुझी तुटलेली कड एसईएमखाली बघ, ब्रिटल सपाट दिसणार नाही, बारीक डिंपल (खळगे) दिसतील, ग्रेनपेक्षा कितीतरी मोठे. म्हणजे तिथे भरपूर डिफॉर्म झालंय, फक्त एवढ्याशा जागेत. डिंपल नसतील आणि दाण्यांच्या कडेनं फुटलेलं दिसलं तर मात्र गोष्ट वेगळी, तो बाथचा दोष, सॅकरिनमधलं गंधक किंवा हायड्रोजन.

आणि फ्रॅक्चरच्या अगदी जवळची जागा टीईएमसाठी काढता आली तर काढ, ग्रेन मोठे झालेत का बघ. नॅनो ग्रेन नुसत्या स्ट्रेसनी वाढतात, तापवायची गरज नाही. नॅनो तांब्यावर इंडेंटर दाबला तर द्रव नायट्रोजनच्या थंडीत ग्रेन वाढले, रूम टेंपरेचरपेक्षाही जास्त. डिफ्यूजननी होत असतं तर थंडीत थांबलं असतं. बाउंड्री स्ट्रेसनी ढकलली जाते, हा डिफॉर्मेशनचा आणखी एक रस्ता.

भट्टीवाले_काका

मग ह्यावर उपाय काय काढलाय लोकांनी? आमच्या वेळी कडक आणि चिवट दोन्ही हवं असेल तर टेंपरिंग करायचो.

अणू_मोजणारा

काका दोन रस्ते गाजले. एक म्हणजे लहान-मोठे ग्रेन मिसळायचे. २००२मध्ये तांबं द्रव नायट्रोजनच्या थंडीत लाटलं आणि मग थोडा वेळ तापवलं, बहुतेक ग्रेन बारीक राहिले पण मध्ये मध्ये मायक्रॉनचे मोठे ग्रेन तयार झाले, ते डिस्लोकेशन साठवतात, बारीकवाले कडकपणा देतात, एकूण ६५ टक्के ताणलं गेलं आणि त्यातलं ३० टक्के एकसारखं. तुमचं टेंपरिंगच म्हणा की. दुसरा रस्ता म्हणजे ग्रेन थोडे मोठेच ठेवायचे पण आत पातळ ट्विन भरायचे. २००४मध्ये लू लेई आणि मंडळींनी पल्स प्लेटिंगनी असं तांबं बनवलं, स्ट्रेंथ १००० मेगापास्कलच्या वर आणि वीज वाहायची क्षमता शुद्ध तांब्याच्या ९७ टक्के. इथे प्लेटिंगवाल्यांनी कान टवकारावेत. आणि गंमत म्हणजे ट्विनची जाडी कमी करत नेली तर तिथेही १५ नॅनोमीटरला शिखर येतं आणि पुढे मऊ, हे त्यांनी २००९मध्ये दाखवलं, मशीनवर, सिम्युलेशनमध्ये नव्हे @खडूस 🙂

खडूस_मेटलर्जिस्ट

दिलं तुम्हाला.

भट्टीवाले_काका

बेटा अजून एक विचारतो. प्लेटिंग झाल्यावर हायड्रोजन काढायला २०० डिग्रीला बेक करतेस का? दुकानात सगळे करतात.

रावपुरा_निकेल

काका दुकानवाले काका म्हणाले करून टाकू, ओव्हन चालूच असतो. अजून केलं नाहीये. करू का? ग्रेन वाढतील ना?

खडूस_मेटलर्जिस्ट

डोळे झाकून करू नकोस. नॅनो निकेलमध्ये २०० ते ३०० डिग्रीच्या दरम्यान ग्रेन भराभर आणि वेडेवाकडे वाढायला लागतात, आणि वाढताना गंधक बाउंड्रीवर गोळा होतं, मग कडक तर जातंच वर ठिसूळही होतं. कमी तापवलंस, दीडशेच्या आत, तर ग्रेन तेवढाच राहून उलट आणखी कडक होऊ शकतं. हे ऐकून लोकांना माझ्यावर विश्वास बसत नाही, अ‍ॅनील केल्यावर मऊ व्हायला हवं ना! पण २००६मध्ये ह्वांग, हॅन्सेन आणि त्सुजी ह्यांनी लाटून बारीक केलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर हेच दाखवलं, १५० डिग्रीला तापवलं तर स्ट्रेंथ वाढली आणि डक्टिलिटी घटली, आणि मग परत थोडं लाटलं तर मऊ झालं आणि जास्त ताणलं गेलं. सगळं उलटं. कारण पुन्हा तेच, तापवल्यावर आतली आणि बाउंड्रीतली सैल डिस्लोकेशन्स जातात, मग नवीन डिस्लोकेशन सुटायला जागाच मिळत नाही. लाटलं की परत मिळते.

तेव्हा एकाच फॉइलमधून पट्ट्या काप. एक तशीच, एक १२० डिग्रीला, एक २००ला. तिन्हींचा हार्डनेस, एक्सआरडी आणि ती स्पीडची उडी. बाथ बदलला की सॅकरिन बदलतं, सॅकरिन बदललं की गंधक बदलतं, म्हणून फॉइल एकच हवी.

रावपुरा_निकेल

१२०वाली दुकानातल्या ओव्हनमध्ये नाही जमणार, तो २००लाच अडकवलेला असतो, दिवसभर त्यांचा माल आत असतो. लॅबच्या ओव्हनमध्ये करते. फॉइल पुरेल का बघते, नाहीतर मोठा पत्रा लावून नवीन काढते आणि मग सगळ्या पट्ट्या त्यातूनच.

इंदूरचा_किरण

मोठ्या पत्र्याला कडेला करंट जास्त जातो, थर जाड येतो आणि ग्रेनही बदलतो. कडा टाकून मधल्याच भागातून पट्ट्या घ्या.